ऊर्फ पाकीट

गुयाव, ग्रेनाडा
९ एप्रिल १९९७

प्रिय अनेल,

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. लंडनची थंडी अजून हटत नाही म्हणतेस. इकडे आंबे पिकायला लागलेत, तेव्हा तुझी मनापासून कीव करते. तुझी आई मजेत आहे. गुडघा दुखतो म्हणते, पण ज्या आवाजात ती हे सगळ्या गल्लीला सांगते त्यावरून फुप्फुसं ठणठणीत आहेत. माझा लिओ तेराचा झाला, जेवायला बसला की तिघांचं जेवतो. जायफळाला यंदाही भाव नाही.

मी अजून रेडिओ स्टेशनवरच. रोज दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी साडेसहा, निधनवार्ता. एकवीस वर्षं झाली. काल बसमध्ये कंडक्टरला नुसतं म्हटलं, "पुढच्या वळणावर थांबव रे," तर मागच्या दोन बायकांनी छातीवर क्रूस काढला. माझा आवाज कानावर पडला की लोकांना वाटतं, गेलं कुणीतरी.

आता सिनेमा. तू विचारायच्या आत सांगून टाकते, पाहिला. सेंट जॉर्जेसच्या थिएटरात, फिलोला बरोबर घेऊन. तिला तर नेणं भागच होतं. तिच्याच नवऱ्याच्या, कप्तानच्या मरणावर सिनेमा, आणि ती घरी बसून जायपत्री वेचतेय, हे बरं दिसलं नसतं.

तुझं काम करणारी नटी छान आहे. उंच आहे, उजळ आहे, आणि तिचे पाय... अनेल, तुझे पाय मी पाहिलेत. असो. सगळं शूटिंग दुसऱ्याच कुठल्या बेटावर केलंय हे पहिल्याच मिनिटाला कळलं. आपले डोंगर असे बोडके कधी होते गं? आणि कप्तानला त्यांनी होडी दिलीय! लेस्टर रेगिसला! बिचाऱ्यानं जन्मभर दुसऱ्याच्या रापणीचा दोर ओढला, स्वतःचं वल्हंसुद्धा नव्हतं, म्हणून तर सगळे चेष्टेनं त्याला कप्तान म्हणायचे. फिलो भर थिएटरात मोठ्यानं म्हणाली, "एवढी होडी होती, तर मला का नाही दाखवली मेल्यानं?" सगळे हसले. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पण तिच्या जिभेला कधी सुतक लागलं नाही.

हॉटेलवाल्यांनी पुळणीवर जायच्या वाटेला ठोकलेलं ते लोखंडी गेट, डोक्यावर ओलं जाळं घेऊन खडकांवरून फिरून जाणारी माणसं, हॉटेलच्या छत्रीखालून त्यांचे फोटो काढणारे पाहुणे, हे सगळं बरं दाखवलंय. कप्तान घसरला तेव्हा मी रडले. खोटं कशाला बोलू.

मग तो स्टेशनचा प्रसंग. बायको नवऱ्याची निधनवार्ता घेऊन येते, त्यातलं शेवटचं वाक्य: "नेहमीच्या वाटेला कुलूप होतं म्हणून तो खडकांवरून गेला, आणि खडकांवरच राहिला." जाडजूड, घामेजलेला मॅनेजर हॉटेलच्या माणसाकडून पाकीट घेतो, खिशात घालतो आणि लाल पेनानं ते वाक्य गिरबटून टाकतो. मग तू, म्हणजे ती नटी, माइकसमोर बसतेस आणि खोडलेलं वाक्य तोंडपाठ म्हणतेस. गावोगाव लोक जेवणाची ताटं सोडून उठतात, चालत जाऊन गेट उचकटतात. संगीत. थिएटरात लोक उभे राहिले. फिलो तर पडद्याकडे हात नाचवून ओरडली, "पाकीटखाऊ मेला!"

मी उभी राहिले नाही. मांडीवर पिशवी होती.

एक विचारू? मी कुठे आहे? मी नीट पाहिलं. एका प्रसंगात एक बाई टेबलावर कॉफीचा कप ठेवून निघून जाते. पाठमोरी. ती मी असेन तर कळव, म्हणजे नातेवाइकांना सांगता येईल. तुला दातांत पेन्सिल धरून नावं वाचायला कुणी शिकवलं? मुलांची यादी संपली की एक श्वास घ्यायचा आणि मगच नातवंडांवर जायचं, हे कुणी सांगितलं? कुणाचं एक नाव गळलं तर त्याची अख्खी पिढी स्टेशनच्या दारात भांडायला येते, हे? म्हणतात ना, कानामागून आली आणि तिखट झाली. रागावू नकोस, थट्टा करते.

आपल्या तेव्हाच्या मॅनेजरचं, मोडेस्टसाहेबांचं मात्र जरा जास्तच केलंय. ते जन्मात कधी जाड नव्हते. आणि ते लाल पेनाचं गिरबटणं! निळ्या दोन सरळ रेघा होत्या. पण सिनेमा म्हटला की तिखटमीठ आलंच.

अभिनंदन करायचं राहिलं. अभिनंदन.

तुझी
मिस इस्मे



गुयाव
२ मे १९९७

प्रिय अनेल,

तुझं पत्र मिळालं. तू येतेस, तेही दिग्दर्शकाला घेऊन, हे वाचून तुझ्या आईनं त्याच दिवशी भिंती धुवायला काढल्या. गुडघा कुठे गेला कोण जाणे. शनिवार चोवीस तारखेला मैदानावर मोठा पडदा लावणार आहेत, ते इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑइल डाऊनच्या गावजेवणासाठी कुणाच्या झाडाचे नीरफणस उतरवायचे यावरून दोन भांडणंसुद्धा होऊन गेली.

त्या सकाळी रेडिओवर तुझा एक तासाचा कार्यक्रम आहे, तेही कळलं. नव्या मॅनेजरनं मला बोलावून सांगितलं, "मिस इस्मे, अनेलबाईंची ओळख तुम्ही करून द्यायची. त्यांनीच सुचवलंय. दोन ओळी पुरेत म्हणाल्या." दोन ओळी! अनेल, मी लोकांच्या मेलेल्या काकांना बारा बारा ओळी देते.

पण खरं लिहायचंय ते दुसरंच. मोडेस्टसाहेबांना त्या कार्यक्रमात माइकवर बोलावणार म्हणतेस. "नऊ वर्षं गप्प बसलेत, आता सगळ्या बेटासमोर उत्तर देऊ देत," असं लिहिलंयस. नको बोलावूस. त्यांचं वय झालंय. मूत्रपिंडाचं काहीतरी निघालंय, आठवड्यातून एकदा शहरातल्या इस्पितळात जातात. आणि लोकांनी त्यांना आधीच पुरेसं धारेवर धरलंय.

तुला कल्पना नसेल, सिनेमा आल्यापासून सगळे त्यांना 'पाकीट' म्हणतात. आपलं बेट तुला माहीत आहे. इथे एकदा नाव पडलं की ते माणसाबरोबर खड्ड्यात जातं. परवा पावाच्या दुकानात ते रांगेत होते, तर फिलो मागून म्हणाली, "अहो, पाकीटला आधी द्या. हॉटेलात वाट बघत असतील." सगळं दुकान खिदळलं. साहेबांनी पाव घेतला, हॅट उचलून तिला नमस्कार केला आणि गेले. चर्चमध्ये दानाची थैली फिरवायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. फादरनी सांगितलं, थोडे दिवस विश्रांती घ्या.

लोक आहेत. विसरतील. तू मात्र बोलावू नकोस. कारण विचारशील तर एवढंच की म्हाताऱ्या माणसाला छळून तुला काय मिळणार? तुला सगळं मिळालंय की.

दोन ओळींत तुझं काय काय बसवायचं ते कळव.

मिस इस्मे



गुयाव
१५ मे १९९७

अनेल,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. नर्स ब्यूला शनिवारी लंडनच्या विमानात बसतेय, तिच्या हाती देते. रविवारी ती तुझ्या दारात येईल. तिला चहा दे, पण पत्र तिच्यासमोर उघडू नकोस.

मंगळवारी सकाळी मोडेस्टसाहेब स्टेशनवर आले. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यापासून त्यांनी त्या पायऱ्यांवर पाऊल ठेवलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, हॅट हातात, खूप वाळलेत. माझ्या टेबलासमोर बसले आणि घडी घातलेला कागद पुढे केला. मी उघडला. त्यांचीच निधनवार्ता. आधीच लिहून आणून देणारे म्हातारे तुला आठवतात ना, मुलं नावं चुकवतील या भीतीनं? तसे. तारीख तेवढी कोरी.

मी म्हटलं, "साहेब, हे काय? एवढ्यात कुठे निघालात?"

"इस्पितळवाले म्हणतात तितकी घाई नाही. पण तयारी असलेली बरी." मग बोट ठेवून दाखवलं. "इथे बघ. कथबर्ट मोडेस्ट. पूर्णविराम. माझी सून भोळी आहे, तिला कुणी सांगितलं तर ती ऊर्फ लिहून देईल. तू वाचू नकोस. नुसतं नाव वाच. ऊर्फ नको."

अनेल, या बेटावर ऊर्फशिवाय कुणी मरत नाही. निम्म्या लोकांची खरी नावं मला त्यांच्या मरणादिवशीच कळतात. लेस्टर रेगिस ऊर्फ कप्तान म्हटलं नसतं, तर त्याच्या सख्ख्या शेजाऱ्यालाही कळलं नसतं कोण गेलं. आणि हा माणूस मला म्हणत होता, माझं ऊर्फ वाचू नकोस, कारण ते पाकीट असेल.

मी विचारलं, "साहेब, तेव्हा का नाही बोललात?"

ते हसले. "फूटपट्टी ठेवून दोन सरळ रेघा. सगळ्या स्टेशनात असं खोडणारी एकच बाई होती."

आता तुला कळलं असेल. तरी लिहिते, कारण नऊ वर्षं मी हे लिहायचं टाळलंय आणि आजही टाळता आलं तर हवंच आहे.

कप्तान गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी फिलो स्टेशनवर आली, तेव्हा तू मागच्या खोलीत होतीस. मी तिची निधनवार्ता लिहून घेतली. ते शेवटचं वाक्य तिनं सांगितलं, मी लिहिलं. मीच लिहिलं ते, माझ्या अक्षरात. वाचायला मी तयार होते. मग फिलो उठली आणि म्हणाली, "इस्मे, राग मानू नकोस हं. तुझा आवाज गोड आहे. पण हे वाक्य गोड आवाजात विरघळून जाईल. त्या नव्या पोरीला वाचू दे. तिच्या आवाजाला कणा आहे."

बारा वर्षं, अनेल. बारा वर्षं मी या बेटाची माणसं पोचवली होती. माझ्या आईची निधनवार्ता मी स्वतः वाचली होती, एकदाही न अडखळता. तू येऊन सात महिने झाले होते. ती गेल्यावर मी फूटपट्टी घेतली. वाटलं, वाचू दे तिला, कणा असलेल्या आवाजात नातवंडांची नावं वाचू दे. मग तुला हाक मारली आणि कागद दिला. म्हटलं, "शेवटचं वाक्य साहेबांनी खोडायला सांगितलंय. हॉटेलच्या जाहिराती आहेत ना आपल्याकडे."

साहेबांनी तो कागद पाहिलाही नव्हता. ते दाढ काढायला गेले होते.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू खोडलेलं वाक्य वाचलंस. साहेब सुजलेला गाल घेऊन परत आले, तू जिन्यातच त्यांच्यावर तुटून पडलीस, "तुम्ही विकले गेलात," म्हणून. त्यांनी कागद मागितला. पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मी टाइपरायटरची फीत बदलत होते, बदललेलीच परत बदलत होते. मग ते तुला म्हणाले, "हो. मीच सांगितलं." पाकीट कधीच नव्हतं. ते सिनेमावाल्यांनी घातलं की तू सांगितलंस, मला माहीत नाही. विचारतही नाही. माझ्या खोट्याला तिकडे नुसते पाय फुटले.

मंगळवारी मी त्यांना विचारलं, स्वतःवर का घेतलंत? ते म्हणाले, "तुझा लिओ चार वर्षांचा होता. आणि मालक कुणाला तरी काढणारच होते. अनेल हुशार, तिला जगात कुठेही काम मिळालं असतं. तुला नसतं मिळालं."

बघ. त्यांची दयासुद्धा तुझं मोठेपण सांगूनच आली. मी त्यांच्यासमोर रडले आणि रडतानाही मला तुझा राग येत होता.

सिनेमा मी एकदा नाही पाहिला. तीनदा पाहिला. दोनदा एकटी गेले, लिओला सांगितलं जायफळ विकायला चाललेय. तू वाक्य वाचतेस ते बघायला मी गेले नव्हते, तेव्हा तर मी डोळे मिटायचे. तो खोडतो ते बघायला गेले होते. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की मला त्या घामट जाड्याचाही हेवा वाटतोय. ते खोडणं माझं होतं. बंदी होती म्हणून तू बंडखोर झालीस, आणि बंदी मी घातली होती. कागद जसाच्या तसा तुला दिला असता, तर तू तो नीट वाचला असतास, फिलो रडली असती, आणि कदाचित गेट आजही तिथे असतं. एवढं मोठं काम माझ्या हातून झालं, तेही वाईट बुद्धीनं, आणि मला काय मिळालं? कॉफीचा कप.

असला विचार करणारी बाई आहे मी. तुला ठाऊक असलेलं बरं.

आता काय करणार ते सांगते. तुझ्या शनिवारच्या कार्यक्रमात हे सांगणार नाही. तिथे सांगितलं, तर तीही तुझीच गोष्ट होईल. तू माझा हात धरशील, दिग्दर्शक डोळे पुसेल. ते मला सोसणार नाही. मंगळवारी, वीस तारखेला, दुपारी साडेबाराला, माझ्या वेळेत, यादीच्या आधी सांगणार आहे. नव्या मॅनेजरला विचारलेलं नाही. तो मला काढेल, आणि त्याचं चूक नसेल. लिओला आज सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, हे आमच्या घरात प्रथमच घडलं. मग म्हणाला, "आई, साहेबांना आधी सांग. उगाच एकटे ऐकत बसतील." सोमवारी त्यांच्याकडे जाईन. मग फिलोकडे. तिची भीती नोकरीपेक्षा जास्त आहे. तिच्या नवऱ्याचं शेवटचं वाक्य मी खोडलं, आणि गेली नऊ वर्षं दर ख्रिसमसला तिच्या घरी केक खाल्ला.

बेटाच्या आधी तुला कळावं, एवढी लाज अजून शिल्लक आहे. तुला दोन दिवस मिळतील. सिनेमाचं काय करायचं ते तू आणि तुझा दिग्दर्शक बघा. यायचं की नाही, तेही तूच ठरव. तुझी आई भिंती धुऊन बसलीय, एवढं लक्षात ठेव.

काय वाचायचं ते लिहून ठेवलंय. "१९८८ साली लेस्टर रेगिस यांच्या निधनवार्तेतलं शेवटचं वाक्य मी, इस्मे चार्ल्स हिनं खोडलं. कथबर्ट मोडेस्ट यांनी ते खोडलं नाही, खोडायला सांगितलंही नाही. त्यांना कुणी कधी पाकीट दिलं नाही. त्यांनी माझी नोकरी वाचवण्यासाठी माझा दोष स्वतःवर घेतला. मी हे हेव्यापोटी केलं." हे शेवटचं वाक्य तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. आत्ता ते कागदावर आहे. मंगळवारी माइकसमोर बसल्यावर असेल की नाही, माझा मला भरवसा नाही. हात सवयीचा झालाय.

म्हणून ते तुला इथे देऊन ठेवते. मी गाळलं, तर तू आल्यावर वाच. सगळं बेट ऐकत असेल तेव्हा वाच, आणि तुझ्या त्या आवाजात वाच. या खेपेला मी कुणाचं नाव पुढे करणार नाही.

तुझा हेवा केला, अजून करते,
इस्मे चार्ल्स